जुन्या फळीवर नवी फळी

मे महिना अर्धा सरला की मुंबई बंदरातल्या शिडाच्या बोटी एकेक करून पाण्याबाहेर येऊ लागतात. नैऋत्येचा वारा एकदा धरला की उघड्या बंदरात नांगरावर राहणं धोक्याचं. म्हणून पुढचे चार महिने त्या यार्डात टेकूंवर उभ्या असतात, आणि वर्षभर पुढे ढकललेली कामं याच चार महिन्यांत निघतात. बुडाचा रंग, इंजिनाचा शाफ्ट, शिडांची डागडुजी यांवर कुणाचा वाद नसतो. वाद होतो तो केबिनच्या जमिनीवरून. ती काळी पडली, तिचे पापुद्रे सुटू लागले, तर उचकटून नवी घालायची की जुनीवरच नवी बसवायची?

हा प्रश्न घेऊन दोन माणसं समोरासमोर बसली आहेत. एक आहे तीस फुटी फायबरग्लास बोटीची मालकीण. बोट 1980 च्या दशकात युरोपात बांधलेली, दोन मालकांनंतर हिच्याकडे आली. दुसरे मिस्त्री. त्यांच्या घरात रत्नागिरीकडे लाकडी मच्छीमार बोटी बांधायचा धंदा होता. आता मच्छीमार बोटीही फायबरच्या झाल्या, तेव्हा ते अशा बोटींच्या आतलं लाकूडकाम करतात. बोलणं केबिनमध्येच चाललं आहे. मी ते लिहून घेतलं आहे आणि जिथे राहवलं नाही तिथे मध्ये बोललो आहे.

मालकीण : काका, मी ठरवूनच आले आहे. जुन्या जमिनीला हात लावायचा नाही. वरून सहा मिलिमीटरचा सागवानी प्लाय चिकटवायचा, कडेला पट्टी मारायची आणि गणपतीच्या आधी मोकळं व्हायचं.

मिस्त्री : चिकटवू की. पण कशाला चिकटवायचं ते आधी बघू या ना, ताई.

मालकीण : वरचा पापुद्रा शिडीपाशी सुटलाय, बाकी काळी पडली आहे, एवढंच. पायाखाली कुठे दबत नाही. मी सगळीकडे पाय आपटून बघितलं.

मिस्त्री : दबणार कशी? चार सुती प्लाय आहे आणि खाली दर फुटावर आडवी पट्टी. तुमचं वजन पट्टी घेते. प्लाय आतून गेला तरी पायाला कळत नाही. हा टोच्या घ्या आणि शिडीच्या पायाशी, कडेला टोचा. जोर लावू नका.

तिने टोच्या टेकवला. टोक नखभर आत गेलं, जोर न लावता, आणि बाहेर आलं तेव्हा त्याला काळा ओलसर भुगा लागलेला. मग टेबलाच्या पायापाशी टोचलं तर टोक टचकन थांबलं. मिस्त्रींनी हातोडीच्या दांड्याने शिडीपासून पुढच्या बाजूला ठोकत नेलं. शिडीपाशी भद्द आवाज, दोन हात पुढे गेल्यावर टणक, मधल्या उचलायच्या झाकणाच्या चारी कडांना पुन्हा भद्द. म्हणजे जमीन सगळीकडे सारखी खराब नव्हती. जिथे जिथे प्लाय कापला होता तिथे तिथे ती गेली होती. कापलेल्या कडेत लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी राहतात आणि पाणी तिथूनच आत शोषलं जातं. कारखान्यात वरच्या बाजूला सुरेख वॉर्निश चढतं, पण झाकणांच्या कडा आणि खालची बाजू पुष्कळ वेळा कोरडीच राहते. वरचा सागवानी पापुद्रा तर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. दोनदा पॉलिश पेपर मारला की खालचं लाकूड दिसू लागतं.

मालकीण : बरं, शिडीपाशी खराब आहे, मान्य. तेवढा तुकडा बदलू. पण सगळी जमीन उचकटायला माझा विरोध का आहे, तेही ऐका. ही बोट बांधली तेव्हा आधी जमीन बसवली, मग तिच्यावर कपाटं, बाकं, ओटा उभा केला, आणि सगळ्यात शेवटी वरचा डेक ठेवला. जमीन कपाटांच्या खालून गेली आहे. ती काढायची म्हणजे निम्मी बोट मोडायची. चाळीस वर्षांचा चांगला फर्निचरचा सांधा मी एका काळ्या फळीपायी तोडू?

हा मुद्दा वजनदार आहे. कारखान्यातल्या बोटी बहुतेक याच क्रमाने बांधतात, कारण डेक नसताना आत उभं राहून काम करणं सोपं जातं. फर्निचर जमिनीवर टेकलेलं असतं, काही बोटींत ते आडव्या भिंतींना आणि त्यातून बुडाला ताठपणा देत असतं. उत्साहाच्या भरात सगळं उपसून काढणारे हौशी लोक बोट कमकुवत करून बसतात. जुन्यावर नवं घालणं म्हणजे नुसता आळस, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

मिस्त्री : कपाट कोण तोडतोय? कपाटाच्या कडेला लागून जमीन कापायची. हल्ली ते थरथरणारं पातं मिळतं ना, अगदी भिंतीला चिकटून कापतं. कपाटाखालची जमीन राहू दे कपाटाखाली. तिच्या कापलेल्या कडेला खालून पट्टी लावायची, त्या पट्टीवर नवी फळी टेकते. मधली सगळी वाट मोकळी.

मालकीण : म्हणजे जी खराब नाही तीही कापायची.

मिस्त्री : जी खाली बघू देत नाही ती कापायची. आता मला सांगा, या जमिनीखाली काय काय आहे?

मालकीण : बिल्ज, म्हणजे तळाशी पाणी साचतं ती पोकळी. पंप, त्याचं फ्लोट स्विच. शिशाचा कील ज्यांनी धरलाय ते बोल्ट. वेग मोजायचं चाक. संडासाचा आणि बेसिनचा व्हॉल्व्ह. पाण्याची टाकी.

मिस्त्री : यातलं किती आत्ता हात घालून गाठता येतं?

मालकीण : पंप येतो. दोन बोल्ट दिसतात. बाकीच्यांसाठी बाकाखालून आडवं व्हावं लागतं.

मिस्त्री : सात बोल्ट असतील तर दोन दिसून काय उपयोग? आमच्या होडीत तळाच्या फळ्या ठोकून बसवत नसत. पाणी उपसायचं तर फळी उचल, खालचा खिळा बघायचा तर फळी उचल. घरातली जमीन घराचा भाग असते, ताई. बोटीतली जमीन झाकण असते. झाकणावर झाकण चिकटवलं की भांड्यात काय शिजतंय ते कळायचं नाही.

मिस्त्रींच्या बोलण्यामागचा हिशेब मी मांडतो. दीड इंची व्हॉल्व्हची नळी पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर निसटली, तर त्या भोकातून मिनिटाला सव्वाशे ते दीडशे लिटर पाणी आत येतं. बोटींवरचे नेहमीचे विजेचे छोटे पंप प्रत्यक्षात याच्या जवळपासही जात नाहीत, कारण पेटीवर छापलेला आकडा पाणी वर चढवायचं नसताना आणि बॅटरी भरलेली असतानाचा असतो. अशा वेळी वाचवतो तो माणसाचा हात. व्हॉल्व्ह फिरवता आला किंवा भोकात लाकडी बूच ठोकता आलं, तर बोट राहते. आणि हात पोचायला जमीन उघडावी लागते, अंधारात, बोट कललेली असताना, काही सेकंदांत. नव्या थराने झाकणाची कड दाबली गेली किंवा पावसाळ्यात फुगून झाकण अडकलं, तर हे होत नाही. म्हणून या वादात माझं मत मिस्त्रींच्या बाजूला झुकतं, आणि का झुकतं ते लपवत नाही. दिसायला कशी आहे हे नंतर. उघडते का, हे आधी.

मालकीण : मी झाकणं बंद करणार असं कुठे म्हटलं? झाकणांवरही तोच प्लाय चिकटवेन, त्याच रेषेत कापून.

मिस्त्री : मग झाकण सहा मिली जाड झालं. कडीची खाच नव्याने खोल करायची. झाकण ज्या पट्टीवर टेकतं तिथे काही बदलत नाही, पण बाजूची फट? आत्ता ती नखाएवढी आहे. नव्या कडेला तीन हात इपॉक्सी, वर वॉर्निश, झाली फट नाहीशी. जुलैत हे उचलायला पटाशी लागेल.

मालकीण : फट मोठी ठेवीन.

मिस्त्री : ठेवा. बाजूला अडीच-तीन मिली तरी हवी. पण शिडीची खालची पायरी तेवढी बुटकी झाली, ते? कललेल्या बोटीत पाय अंदाजाने पडतो. एक पायरी बाकीच्यांहून वेगळी झाली की माणूस तिथेच घसरतो. संडासाचा दरवाजा खालून तासावा लागेल. टेबलाचा पाय, इंजिनाची पेटी, सगळं वर उचलावं लागेल. त्यात वर तुमचं डोकं.

मालकीण : सहा मिलीने डोकं आपटत नाही, काका.

मिस्त्री : सहा मिलीने नाही आपटत. पण जुन्यावर नवं घालायचं म्हटलं की आधी सपाटीसाठी लांबी, मग गोंद, मग प्लाय. सहाचे दहा होतात.

वजनाचा मुद्दा दोघांनीही काढला नाही, आणि बरोबर केलं. साडेतीन चौरस मीटर जमिनीवर सहा मिलिमीटरचा सागवानी थर चौदा किलोच्या आसपास भरतो, आणि तोही बोटीत खालच्या अंगाला. त्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते ओलाव्याने.

मिस्त्रींनी खिशातून दोन सुयांचं मीटर काढलं. टेबलापाशी 15, शिडीपाशी 24. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या वर टिकून राहिला की कुजवणारी बुरशी कामाला लागते. पुष्कळांना वाटतं की समुद्राच्या पाण्याने लाकूड कुजतं. प्रत्यक्षात त्या बुरशीला गोडं पाणी मानवतं, खारं नाही. बोटीत गोडं पाणी येतं ते पावसाचं, डेकवरच्या सैल बोल्टांतून आणि डोलकाठी जिथून आत शिरते त्या कॉलरमधून. शिडीची दारं नीट बंद होत नसतील तर तिथूनही. हिच्या बोटीत ते शिडीपाशीच येतंय. खाऱ्या पाण्याचा उपद्रव वेगळा आहे. एकदा मीठ लाकडात मुरलं की ते हवेतली वाफ ओढत राहतं आणि लाकूड कितीही उन्हात ठेवलं तरी दमटच लागतं. म्हणून जुनी फळी ठेवायचीच असेल तर ती आधी गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुवायची आणि मग वाळवायची. ऐकायला हे उलटं वाटतं, पण दुसरा उपाय नाही.

मालकीण : ओलावा आत कोंडतो, हे मला समजतं. पण इपॉक्सीने बंद केलेलं लाकूड टिकत नाही असं म्हणू नका. गोव्यात दिवाडी बेटावर म्हादेई बांधली, ती लाकडाचीच आहे. देवदाराच्या जातीच्या पट्ट्या, आतबाहेर फायबर आणि इपॉक्सी. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे तिच्यातून एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले, 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता. बंद केलेल्या लाकडानेच त्यांना दक्षिणेच्या समुद्रातून आणलं ना?

मिस्त्री : आणलं. मी ती बोट पाहिली आहे, काम बघून हात जोडावेसे वाटतात. पण ते लाकूड नवं होतं, सुकं होतं, चारी अंगांनी बंद केलं होतं. तुम्ही काय करताय? ओलं लाकूड घेताय आणि एकाच अंगाने बंद करताय, वरून. खालून बिल्जची वाफ चालूच. ते पाणी आधी वरून सुकायचं, आता तिकडूनही वाट बंद.

मालकिणीने उदाहरण चुकीचं दिलं नव्हतं. त्यातून निघणारी अट तिला नको होती, एवढंच. इपॉक्सी लावताना लाकडातला ओलावा 12 टक्क्यांच्या आसपास असावा. पावसाळ्यात मुंबईची हवा ऐंशी-नव्वद टक्के दमट असते आणि उघडं लाकूड त्या हवेत आपसूक 16 ते 20 टक्क्यांवर जाऊन स्थिरावतं. म्हणजे बोट ज्या चार महिन्यांत हाताशी असते, तेच चार महिने चिकटवायच्या कामाला सगळ्यात वाईट. युरोपातल्या पुस्तकांत हिवाळ्यात बोट बाहेर काढून शेडमध्ये हीटर लावून केबिन सुकवायची पद्धत सांगितलेली असते. ती इथे जशीच्या तशी उपयोगाची नाही.

मालकीण : मग तुमच्या मते काम करायचं कधी? ऑक्टोबरात ऊन पडतं तेव्हा बोट पाण्यात हवी. मी वर्षभर तेव्हाच्या वाऱ्याची वाट बघते.

मिस्त्री : फळ्या सुट्या असल्या तर बोट कुठेही असू दे. आत्ता उघडायचं. खाली धुवायचं, आडव्या पट्ट्या बघायच्या, बोल्टांची गंज बघायची, डेकची गळती पकडायची. पाऊस असताना गळती पकडायला बरी पडते. फळ्या मी माझ्या खोलीत बनवतो. दोन बल्ब आणि एक पंखा लावून ठेवला की तिथे प्लाय सुका राहतो. सहा अंगांना इपॉक्सी तिथेच. तुम्ही बोट पाण्यात टाका, मी पिशवीत फळ्या घेऊन येतो आणि अर्ध्या दिवसात बसवून जातो.

मालकीण : तोवर आम्ही पट्ट्यांवर पाय ठेवून चालायचं?

मिस्त्री : जुन्या फळ्या तोवर तात्पुरत्या ठेवू.

इथे मालकीण बराच वेळ गप्प होती. मग तिने फोनमधून एक फोटो दाखवला. तिच्या मैत्रिणीने आपल्या बोटीत घरासारखी खटक्याची लॅमिनेट फ्लोरिंग टाकली आहे. एका शनिवार-रविवारी झालं काम, दिसतंही छान. मिस्त्रींनी फोटो परत दिला आणि त्यात दाबलेला लाकडी भुसा असतो, पाणी लागलं की बिस्किटासारखा फुगतो, एवढंच म्हणाले. विनाइलच्या पट्ट्यांबद्दल ते जरा सौम्य होते. त्या स्वतः कुजत नाहीत, खालचं लाकूड मात्र त्यांच्याखाली गुपचूप कुजतं.

मालकीण : मग अस्सल सागवान लावू. प्लाय नको, पापुद्रा नको. आठ मिलीच्या पट्ट्या, जन्मभर तासता येतील. याच मुंबईत 1817 साली सागवानात बांधलेलं ट्रिंकोमाली जहाज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला अजून तरंगतंय.

मिस्त्री : जहाजाच्या फळीला हलायला जागा ठेवतात, शिवणीत भरणा असतो. तुम्ही दोन फुटी रुंदीत पट्ट्या एकमेकींना आणि खालच्या जुन्या प्लायला चिकटवणार. त्या उन्हाळ्यात आखडणार, पावसाळ्यात फुगणार, आणि प्लाय जागचा हलणार नाही.

दोन फूट म्हणजे 60 सेंटिमीटर. उभ्या चिरेचं नसलेलं सागवान 11 टक्के ओलाव्यावरून 18 वर गेलं, तर एवढ्या रुंदीत ते सात-आठ मिलिमीटर वाढतं. लांबीत जवळजवळ शून्य. सागवान या बाबतीत गुणी लाकूड. ओक याहून कितीतरी जास्त हलतो. तरीही सात-आठ मिलिमीटर कुठेतरी जायला हवेत. पट्ट्या तीन मिलिमीटरच्या असतील तर इपॉक्सी त्यांना प्लायवर धरून ठेवतं. आठच्या असतील तर त्या प्लायला वाकवतात किंवा स्वतः सुटतात. त्यात सागवान तेलकट. चिकटवण्याआधी अ‍ॅसिटोनने पुसून लगेच गोंद लावावा लागतो, नाहीतर सांधा वर्षभरात हात टेकतो. इंजिनाच्या पेटीभोवतीची जुनी फळी तर डिझेल प्यायलेली आहे. तिथे कितीही पुसलं तरी गोंद धरणार नाही.

मालकीण : म्हणजे नवा प्लाय, त्यावर तीन मिलीच्या सागवानी पट्ट्या, मध्ये पांढरी रेघ. पांढऱ्या रेघेशिवाय मी घेणार नाही. हॉलीचं पांढरं लाकूड इथे मिळत नाही ना?

मिस्त्री : हॉली कशाला? शिवण घ्या. फिकट असते, हलत नाही, रंध्याखाली लोण्यासारखी निघते.

मालकीण : पिवळी पडते.

मिस्त्री : पडेल थोडी. सागवानही काळवंडेलच की. दोघं बरोबर म्हातारी होतील.

तिला ते आवडलं. पण हार मानायची तिची तयारी नव्हती आणि एका जागी ती बरोबरही होती. ओट्यासमोर, जिथे उभं राहून चहा करतात, तिथे जमिनीखाली बिल्ज नाही. फायबरचाच साचा वर आलाय आणि त्यावर प्लाय पूर्ण चिकटवलेला आहे. खाली बघण्यासारखं काही नाही. मीटरने 12 दाखवले, टोच्या कुठेच गेला नाही. तो प्लाय खरवडायचा म्हणजे खालचा फायबर जखमी करायचा.

मालकीण : हा तुकडा मी उचकटू देणार नाही. इथे जुन्यावर नवं.

मिस्त्री : इथे माझीही ना नाही. वॉर्निश पूर्ण उतरवू, उघडं लाकूड दिसेस्तोवर. तीन मिलीच्याच पट्ट्या, म्हणजे बाजूच्या नव्या फळीशी उंची जुळवता येईल. ती फळी मी तेवढी जाड करतो. कडेच्या फटीत भरणा, फरशीच्या पट्टीने झाकायचं नाही. पाणी मुरलं तर कडेलाच दिसू दे.

मालकीण : आणि झाकणांना कड्या नकोत, पाय अडकतो. बोट आडवी झाली तर झाकणं उडता कामा नयेत, पण किल्ली शोधत बसायलाही लागू नये.

मिस्त्री : बुडवलेली कडी आणि पाव आट्याची खिट्टी. नखाने फिरते. पितळेची नको, 316 स्टीलची आणा. स्क्रूही तेच. आणि बोल्टांवर एक मोठं झाकण करण्यापेक्षा दोन करू. एकट्या माणसाला एका हाताने उचलता आलं पाहिजे.

मालकीण : प्लाय कुठला?

मिस्त्री : आयएस 710 चा शिक्का असलेला. शिक्क्यावर मी थांबत नाही. त्या प्रमाणात गोंदाला 72 तास उकळत्या पाण्यात टिकायचं असतं, तर एक हातभर तुकडा मीही उकळतो. थर सुटला तर सगळा माल परत. आज आपण जुन्या फळ्या खडूने आकडे घालून उचलू. पण आधी पातळ प्लायवर त्यांचे साचे काढून घेऊ. एकदा उचलल्या की कुठलीच कड सरळ नव्हती हे कळतं. तुकडा उद्या उकळायला ठेवतो. तीन दिवसांनी फोन करा, तोवर दुकानात जाऊन काही उचलून आणू नका.